तळहाताएवढं पान

आज एकच वस्तू समोर धरायची आहे आणि तिच्याशी सावकाश बसायचं आहे. उजवा तळवा उघडा ठेवा. त्यावर सावंतवाडीच्या गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचं, एक गोल पान आहे असं समजा. घरात खरोखरचं असेल तर उत्तमच, नसेल तर मनातलं चालेल. मत्स्याचा एक्का घेऊ: रंगीत जमीन, मधोमध एक मासा, कडेने बारीक किनार.

चित्राकडे लगेच वळू नका. आधी अंगठा कडेवरून फिरवा. पानाला जाडी आहे आणि ती जाडी आपोआप आलेली नाही. जुन्या पद्धतीत कापडावर कापड ठेवून चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवत. त्यावर खडूची पूड कालवलेला लेप देत, तो वाळला की पुन्हा लेप, आणि मग गुळगुळीत दगडाने घोटत. हल्ली बरेचदा पुठ्ठा वापरतात, पण तुमच्या तळव्यावरचं पान जुनंच असू द्या. त्याच्या पोटात कापड आहे, चिंचेच्या बोटकातलं बी आहे, खडू आहे. कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं जुनेरही असेल. वरची चकाकी लाखेची आहे. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर किडे जो राळेसारखा थर तयार करतात तो. कोकणातल्या दमट हवेत आणि खेळणाऱ्यांच्या घामट बोटांत चित्र टिकायचं तर हे कवच हवंच.

इथे जरा थांबा. चित्र म्हटलं की आपण रंगाला दाद देतो, जमीन कुणी तयार केली ते विचारत नाही. पण दुकानातून ताणून आणलेला कॅनव्हास आणि खळ शिजवून, घोटून तयार केलेली चकती यांत फरक आहे. कुंचला टेकवायच्या आधीच चिताऱ्याच्या घराने या पानावर कित्येक दिवस घातलेले असतात. त्या दिवसांचा रंग दिसत नाही. तुमच्या अंगठ्याला मात्र ते लागतात.

आता आकार पाहा. गोल. चौकोनी कागदाला कोपरे असतात, आणि कोपरे चित्रकाराला सांभाळून घेतात. काही सुचलं नाही तर एका कोपऱ्यात ढग काढावा, दुसऱ्यात झुडूप. गोलाला ही सोय नाही. इथे जे काढाल ते मधे येतं नाहीतर कडेवर आपटतं.

खात्री करून घ्यायची असेल तर डोळे मिटून हे करून पाहा. एक मासा सोपा आहे, तो मधोमध बसतो. दोन मासे समोरासमोर किंवा पाठीला पाठ लावून बसवता येतात. सात तर सोयीचेच: एका रुपयाच्या नाण्याभोवती तशीच नाणी चिकटून लावली तर बरोबर सहा बसतात, म्हणजे मधलं धरून सात. आता दहा मांडा. ओळीत लावले तर वरची-खालची ओळ आखूड होते, फेर धरायला लावले तर मधे खळगा पडतो. शेपट्या एकमेकींत अडकतात. घाई करू नका, मांडा, मोडा, पुन्हा मांडा. दहावा मासा जिथे बसत नाही तिथे चिताऱ्याचं काम सुरू होतं.

दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा पानं असतात, एकूण १२०. प्रत्येक अवतारात एक ते दहा अशी दहा पानं, शिवाय प्रधान आणि राजा. एक ते दहाची बेरीज पंचावन्न. म्हणजे एकट्या मत्स्याचे ५५ मासे, तशीच ५५ कासवं, परशुरामाचे ५५ परशू. पूर्ण संचाला साडेपाचशे चिन्हं, आणि वर वीस राजे-प्रधान वेगळेच. राजाच्या पानावर प्रत्यक्ष अवतार असतो, प्रधान बहुधा घोड्यावर. पहिला मासा काढणारा हात आणि पंचावन्नावा मासा काढणारा हात एकच आहे, याचा विचार करा. पहिल्यात डौल दाखवायची हौस असेल. विसाव्यात कंटाळा येत असेल. पन्नासाव्याच्या सुमाराला कंटाळाही संपत असावा, आणि मग दोन-तीन फटकाऱ्यांत मासा उतरतो. जुन्या पानांवरच्या चिन्हांत जी सहजता दिसते ती मला या पन्नासाव्या माशाची वाटते. आपल्याला एक गोष्ट पाच वेळा करावी लागली तरी आपण वैतागतो.

आता पान उलटं करा. मागच्या बाजूला चित्र नाही, कारण ते प्रतिस्पर्ध्याला दिसून चालणार नाही. भिंतीवरच्या चित्रांची सवय झालेल्या डोळ्यांना हे विसरायला होतं, की हे चित्र खेळायला काढलेलं आहे. गोल पानं आपल्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. ती चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवतात. हातात पंख्यासारखी धरली की प्रत्येकाची फक्त एक कोर दिसते, मासा बिचारा झाकलेलाच. म्हणून प्रत्येक अवताराच्या जमिनीचा रंग वेगळा ठेवतात. कोर दिसली की खेळणारा ओळखतो, हा कोण.

चिताऱ्याला हे ठाऊक होतं. राजाच्या पानावर त्याने अवतार काढला, मुकुट, दागिने, सगळं. खेळणारा त्याची नखाएवढी कोर बघणार, आणि वेळ आली की पान चादरीवर टाकणार. वर्षानुवर्षं खेळून कडा झिजणार, किनार पुसट होणार. तरीही त्याने किनार काढली. आपलं काम कुणीतरी झिजवणार आहे हे माहीत असताना ते नीट करणं तुम्हाला जमतं का? उत्तर लगेच द्यायला हवं असं नाही.

श्रीमंतांसाठी हस्तिदंताची आणि कासवाच्या पाठीची पानंही करत. कासवाच्या पाठीवर कूर्मावतार रंगवताना कुणाला काही वाटलं असेल का, हा माझा आगाऊ प्रश्न. बाजारातली पानं मात्र कापडाची आणि कागदाची. खेळ मुळात इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. इथल्या मातीत त्याला दहा अवतार मिळाले. ओडिशात, बंगालच्या विष्णुपुरात आणि सावंतवाडीत त्याचे वेगवेगळे घाट झाले.

छापील पत्ते आले आणि हाताने रंगवलेली पानं मागे पडली. सावंतवाडीत हे काम जाणणारे पुंडलिक चितारी म्हातारे झाले होते, तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ते शिकून घेतलं आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. आज मोती तलावासमोरच्या त्या राजवाड्यात दरबार हॉलमध्ये कारागीर रंगवताना दिसतात. हे फार मोठं काम झालं, यात शंका नाही.

पण विकत घेतलेल्या गंजिफाचं आपण काय करतो? लग्नात भेट देतो, फ्रेम करून दिवाणखान्यात लावतो. खेळ जाणणारे फार थोडे उरलेत. काचेआडचं पान झिजत नाही, हे खरं. पण त्याच्यावर हातही पडत नाही, आणि इतका वेळ आपण अंगठ्याने जे वाचत होतो ते काचेवरून वाचता येत नाही. मला विचाराल तर हे जतन अर्धंच आहे.

नियम अवघड नाहीत, विसरलेले आहेत एवढंच. तिघं खेळतात, म्हणजे वाट्याला चाळीस-चाळीस पानं. हुकूम नाही, त्यामुळे कुठली पानं पडून गेली ते लक्षात ठेवणारा जिंकतो. प्रत्येक अवतारात राजा सर्वात वरचा, मग प्रधान. त्यापुढे पाच अवतारांत दहाचं पान मोठं आणि उतरत्या क्रमाने एक्का सर्वात लहान, तर उरलेल्या पाचांत एक्काच मोठा आणि दहाचं पान शेवटी. म्हणजे दहा मासे मांडायला इतकी मेहनत घेऊनही, अवतार कुठल्या पाचांतला त्यावर दहाचं मोल ठरतं.

पुढच्या वेळी सावंतवाडीला गेलात तर राजवाड्यात डोकावा. कारागिराच्या शेजारी थोडा वेळ नुसते उभे राहा, एक मासा पूर्ण होईपर्यंत. संच घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण घरी आणून त्याला काच लावू नका. तिघं जमवा, चादर अंथरा, पानं कालवा. दिवसा बसलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने पहिली उतारी करायची, रात्री बसलात तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने.