वेष, भाव आणि माया

कॉस्प्ले म्हणजे एखाद्या कथेतील, चित्रपटातील, चित्रमालिकेतील किंवा खेळातील पात्राचा वेष घालून त्या पात्रासारखे वावरणे. हा शब्द जपानमध्ये घडला. ‘कॉस्च्यूम’ आणि ‘प्ले’ हे दोन इंग्रजी शब्द कापून, जोडून नोबुयुकी ताकाहाशी यांनी तो 1983 मध्ये ‘माय अ‍ॅनिमे’ मासिकातील लेखात वापरला. प्रथा मात्र त्याहून जुनी आहे. जुलै 1939 मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातील माणसांच्या पोशाखात तेथे आले. कॉस्प्लेच्या इतिहासात अ‍ॅकरमन यांचे नाव आधी घेतले जाते. दोन्ही पोशाख शिवले होते ते डग्लस यांनी.

पहिला प्रश्न या एवढ्या घटनेतच आहे. वेष कोणाचा म्हणायचा? ज्याच्या अंगावर आहे त्याचा, ज्याने शिवला त्याचा, की ज्या पात्रावरून तो घेतला त्या पात्राचा? या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो फार जुना आहे: वेष बदलला की माणूस बदलतो का?

भारतीय परंपरेत याची दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांच्या समोरासमोर उभी आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. आहार्य म्हणजे बाहेरून आणलेला, अंगावर चढवलेला. वेषभूषा, दागिने, रंग हे सगळे त्यात येते. आहार्याच्या प्रकरणात भरत एक धाडसी उपमा देतो. जीव एक देह सोडून दुसऱ्या देहात गेला की जुना स्वभाव टाकून नव्या देहाचा स्वभाव घेतो. तसाच रंगाने आणि वेषाने झाकलेला माणूस ज्याचा वेष घेतला त्याचा भाव धारण करतो. म्हणजे भरताच्या मते वेष घालणे हे जवळजवळ दुसरा जन्म घेण्यासारखे आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला वस्त्राची उपमा आहे. भरत तीच उपमा उलटी फिरवतो आणि वस्त्राला देहाची जागा देतो.

वेदान्त नेमके याच्या विरुद्ध बोलतो. आचार्य शंकरांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त नटाचा दृष्टान्त आहे: वेष अंगावर असो वा नसो, नट माणूसच असतो, तसा ब्रह्म जाणणारा सर्व अवस्थांत ब्रह्मच असतो. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात हाच विचार बहुरूप्याच्या रूपाने येतो. बहुरूपी राजा-राणीचे सोंग आणतात, लोकांपुढे ते चोख वठवतात, पण मनात तो भाव नसतो. ज्ञानी माणसाने कर्म असे करावे, हा तिथला मुद्दा. यात बहुरूप्याला कमी लेखलेले नाही, हे ध्यानात घ्यायला हवे. सोंग चोख वठले पाहिजे ही अट दृष्टान्तातच आहे. ढिसाळ सोंगाने तो दृष्टान्त उभाच राहत नाही.

पाहणाऱ्याच्या बाजूने विचार केला तो नाट्यशास्त्राचा टीकाकार श्रीशंकुक याने. रंगभूमीवरचा राम पाहताना प्रेक्षकाला नेमके काय वाटते, हा त्याचा प्रश्न. हा खरोखर राम आहे असे वाटत नाही, हा राम नव्हे असेही वाटत नाही, राम आहे की नाही अशी शंका नसते आणि हा रामासारखा आहे अशी तुलनाही मनात नसते. चित्रातील घोड्याला आपण सरळ घोडा म्हणतो, तसे हे ज्ञान आहे. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. नंतरचा टीकाकार अभिनवगुप्त याने पुढे शंकुकाचे अनुकरणाचे मत खोडून काढले, पण पाहणाऱ्याच्या अनुभवाचे हे वर्णन आजही तंतोतंत लागू पडते. कॉस्प्लेच्या मेळाव्यात ‘नारुतो’ चित्रमालिकेतील पात्राचा वेष पाहून ‘तो बघ इताची’ असे म्हणणारा मुलगा फसलेला नसतो आणि खोटेही बोलत नसतो.

धार्मिक विधीत मात्र गोष्ट आणखी पुढे जाते. वाराणसीजवळच्या रामनगरच्या रामलीलेत राम, लक्ष्मण, सीता होणाऱ्या मुलांना ‘स्वरूप’ म्हणतात आणि मुकुट चढल्यावर लोक त्यांच्या पाया पडतात. पालघर-नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातील बोहाडा या सोंगांच्या उत्सवातही देवांचे मुखवटे केवळ सजावटीचे नसतात; त्यांना मान असतो. कॉस्प्लेमध्ये अशी पूजा नाही, आणि ती असल्याचा आव आणणेही बरे नाही. पात्रावर जीव असतो, पण त्यामागे व्रत नसते. असे असूनही वेषाला हात लावण्याआधी विचारावे, हा मेळाव्यातला साधा शिष्टाचार आहे, आणि त्यात वेषाला कापडापेक्षा अधिक काहीतरी मानले जाते.

भरत, वेदान्ती, शंकुक यांनी घालणाऱ्याचा आणि पाहणाऱ्याचा विचार बारकाईने केला. शिवणारा मात्र मागेच राहिला. कॉस्प्लेमध्ये शिवणारा आणि घालणारा पुष्कळदा एकच असतो, आणि म्हणून हा प्रश्न शिवणाच्या बाजूने पाहिला तर काही नवीन दिसते.

चित्रात शिवण नसते. चित्रकाराने काढलेल्या झग्याला वजन नाही, अस्तर नाही, पाठीमागची बाजू कित्येकदा दिसतच नाही. मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’ या चित्रमालिकेतील (1999–2014) अकात्सुकी टोळीचा झगा घ्या: पायघोळ काळा झगा, आतून लाल, अंगावर पांढऱ्या कडेचे लाल ढग आणि हनुवटीपर्यंत ताठ उभी कॉलर. चित्रात ही कॉलर कशाच्या आधाराने उभी आहे, याचे उत्तर चित्रकाराला द्यावे लागत नाही. शिवणाऱ्याला ते द्यावे लागते. सूत्रात जे गृहीत असते ते भाष्यकाराला उलगडावे लागते, तसे चित्रात जे गृहीत आहे ते वेष करणाऱ्याला कापडात उलगडावे लागते. वेष शिवणे हे पात्रावरचे भाष्य आहे. दोन जणांनी एकाच चित्रावरून केलेले दोन झगे वेगळे निघतात, ते याचमुळे, आणि त्यांतला एक बरोबर व दुसरा चूक असतोच असे नाही.

झग्याचे काम असे चालते. 44 इंची पन्ह्याचे कापड मध्यम उंचीच्या माणसाला सुमारे 4 ते साडेचार मीटर लागते आणि अस्तर साधारण तेवढेच. सुती कापड कापण्याआधी धुऊन वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात झगा आटतो. लाल कापडाचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून पाहावे. एकदा का लाल रंग ढगांच्या पांढऱ्या कडेवर उतरला की तो निघत नाही. छातीच्या मापात 15 ते 20 सेंटिमीटर सैलपणा धरावा. पहिला झगा चांगल्या कापडाचा शिवू नये. मांजरपाटाचा कच्चा झगा धावदोऱ्याने उभा करावा, अंगावर घालून हात वर करावेत, बसावे, चालून पाहावे. खांद्यावर ओढ येते, बगलेत घट्ट होते, मागून झोक जातो, हे सगळे मांजरपाटावर कळते आणि तिथेच खडूने दुरुस्त करता येते. या कच्च्या झग्याचा कंटाळा करणाऱ्यांचे कापड जितके वाया जाते, तितके दुसऱ्या कुठल्याच चुकीने जात नाही.

कॉलरला दुहेरी बकरम लागते. सरळ पट्टी कापून लावली तर ती मानेपासून लांब फाकते. खालची कड किंचित वक्र कापली की कॉलर मानेजवळ राहते. ढगांसाठी लाल कापडाला आधी पेस्टिंग इस्त्रीने चिकटवावे, म्हणजे कापताना कडेचे दोरे सुटत नाहीत. पांढरा ढग लाल ढगापेक्षा सर्व बाजूंनी 6 ते 8 मिलिमीटर मोठा कापून खाली ठेवला की कड आपोआप तयार होते. मग दाट झिगझॅग टीप मारावी, आणि हे सारे अस्तर लावण्याआधी करावे. नंतर केले तर टीप आतल्या लाल बाजूवर उमटते.

शिवणकामातला सगळ्यात अर्थपूर्ण शब्द इथे येतो. टिपेच्या पलीकडे कडेला जे जादा कापड सोडतात, त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. वेदान्तात माया म्हणजे नसलेले भासवणारी शक्ती, घरात माया म्हणजे जिव्हाळा, आणि शिंप्याकडे माया म्हणजे बाहेरून न दिसणारे पण कपड्याला टिकवणारे कापड. तिन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, आणि वेषाच्या बाबतीत तिन्ही लागू पडतात. साध्या शिवणीला दीड सेंटिमीटर माया पुरते. कॉस्प्लेच्या वेषात मात्र बाजूंना अडीच आणि खालच्या दुमडीला चार-पाच सेंटिमीटर ठेवावी. चित्रातील पात्र वर्षानुवर्षे त्याच मापाचे राहते, घालणाऱ्याचे शरीर बदलते. काल्पनिक देह आणि खरा देह यांच्यातला हा फरक जिथे सामावला जातो, ती जागा म्हणजे कडेची माया. भरत म्हणतो तसा भाव वेषाने येत असेल, वेदान्त म्हणतो तसा माणूस आत तोच राहत असेल. कापडापुरते बोलायचे तर दोघांनाही जागा करून द्यावी लागते, आणि ती सेंटिमीटरमध्ये मोजता येते.

चिलखते, मुकुट, शस्त्रे यांचे शास्त्र वेगळे. त्याबाबत नाट्यशास्त्राचा सल्ला आजच्या कारागिराच्या कामाचा आहे. भरत अशा वस्तूंना ‘पुस्त’ म्हणतो आणि त्या जड असू नयेत असे बजावतो. खऱ्या जड दागिन्यांनी नट थकतो, घामाघूम होतो, त्याला मूर्च्छासुद्धा येते. म्हणून लाख, बांबूच्या कामट्या, चामडे, कापड यांपासून त्या कराव्यात. मुखवट्यासाठी कापडावर बेलफळाच्या गराचा लेप द्यावा. आजचा ईव्हीए फोम, म्हणजे चपलेच्या तळव्यात असतो तोच पदार्थ, याच कारणासाठी वापरला जातो. छातीच्या कवचासाठी 5 ते 10 मिलिमीटर जाडी, नक्षीसाठी 2 मिलिमीटर. धारदार पात्याने एका झटक्यात कापावा, हीट गनने गरम करून गुडघ्यावर किंवा भांड्यावर वाकवावा. उष्णतेने पृष्ठभागावरची छिद्रे मिटतात आणि रंग आत शोषला जात नाही. जोडण्यासाठी चपला दुरुस्त करणारे वापरतात तो रबरी डिंक दोन्ही कडांना लावून, जरा सुकू देऊन दाबावा. खिडक्या उघड्या हव्यात आणि नाकावर योग्य मास्क हवा, कारण त्या डिंकाची वाफ अपायकारक असते. पीव्हीसीची वस्तू हीट गनखाली धरून जाळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

आता विकत घेण्याचा प्रश्न. स्वतः केलेला वेष खरा आणि विकतचा खोटा, अशी समजूत काहींची असते. नागोयात 2003 पासून भरणाऱ्या जागतिक कॉस्प्ले संमेलनासारख्या स्पर्धांत कारागिरीला गुण असतात आणि तिथे स्वतःच्या हाताने काम केलेले असणे योग्यच आहे. तो त्या खेळाचा नियम आहे. त्या नियमाचे नैतिक तत्त्व करणे मात्र चूक आहे. ज्याला शिवता येत नाही, वेळ नाही किंवा हात चालत नाहीत, त्याचे पात्रावरचे प्रेम कमी ठरत नाही. विकत घेणारा दुसऱ्याचे भाष्य स्वीकारतो, एवढेच. भाष्य वाचूनही ग्रंथ कळतो, मात्र लक्षपूर्वक वाचावे लागते.

वेष विकत घेताना हे लक्ष असे द्यायचे. तयार वेषाच्या लहान-मध्यम-मोठ्या खुणांवर विसंबू नये. छाती, कंबर, खांदा, बाही, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून विक्रेत्याच्या तक्त्याशी ताडावी, आणि दोन मापांच्या मध्ये येत असेल तर मोठे घ्यावे. वेष हाती आला की आधी उलटा करून पाहावा. आत माया किती आहे, कडांना इंटरलॉक आहे का, चेन अस्तरात अडकते का, हे आतूनच कळते. माया असली तर जवळचा शिंपी तो अंगाबरोबर करून देतो. नसली तर काही करता येत नाही. शिंप्याकडून नवाच शिवून घ्यायचा असेल तर पात्राची पुढची, मागची आणि बाजूची चित्रे द्यावीत, कच्च्या मापाची एक फेरी ठरवून घ्यावी आणि मेळाव्याच्या आदल्या आठवड्याची नव्हे, महिनाभर आधीची तारीख मागावी. त्याच्या कामाचे नाव घेणे हाही व्यवहाराचा भाग आहे. वेषाचे छायाचित्र दाखवताना कोणी शिवला ते सांगितले तर 1939 च्या पोशाखांबाबत झाली ती गल्लत पुन्हा होत नाही.

शिवणाऱ्याचे काम आणि आध्यात्मिक काम वेगळे मानायची मराठी परंपरा नाही. संत नामदेव शिंपी कुळातले. गुरू ग्रंथ साहिबमधील आसा रागातील त्यांच्या पदात मन हा गज होतो, जीभ कात्री होते आणि यमाचा फास त्या मापाने थोडाथोडा कापला जातो. तिथे व्यवसाय सोडून भक्ती नाही. कापणे, शिवणे हीच नामाची रीत आहे. काळ्या कापडावर ढग टाचत बसलेल्या मुलीला नामस्मरणाची पायरी लावू नये. पण तिचे तासन्तास एका रूपावर टिकणारे लक्ष, चुकलेली टीप उसवून पुन्हा घालण्याचा धीर, हे ध्यानाच्या जवळचे गुण आहेत. वेष अंगावर चढण्याच्या कितीतरी आधी ते तिच्यात आलेले असतात. भरताने सांगितलेला बदल या वेषात आधी हातांना होतो, अंगाला नंतर.

वापरून झाल्यावर झगा रुंद खांद्याच्या हँगरवर टांगावा. घडी घातली तर कॉलरचे बकरम मोडते आणि ती मोड इस्त्रीने पुरती जात नाही. फोमची चिलखते उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नयेत, आकार सुटतो. दोन-तीन वर्षांनी झगा घट्ट झाला किंवा धाकट्या भावंडाला द्यायचा झाला, तर बाजूची टीप उसवून माया बाहेर काढतात. ओलसर कापड ठेवून इस्त्री फिरवली की जुन्या टिपेची छिद्रे बरीचशी मिटतात. काळ्या सुती कापडावर मात्र त्यांची एक फिकट ओळ राहते.