"कसा काय झाला?"



आजचा श्लोक गीतेच्या ५व्या अध्यायातला, १८वा. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि कुत्र्याचं मांस खाणारा, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस सम नजरेने पाहतो, असा त्याचा अर्थ. मला तो फार सोपा वाटायचा. आमच्या सोसायटीत हत्ती नाही ना!

आमच्या भजनातल्या एका दादांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "मी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. बरीच वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत." (त्यांना विचारूनच लिहितोय. मंडळात अजून कुणाला माहीत नाही. कळलं तर वीणा हातात देतील का, ही त्यांची भीती.)

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "दादा, कसा काय झाला?"

ते हसले. "डायबेटिस असता तर असंच विचारलं असतंस?"

माहिती कमी होती असं नाही. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, डास चावल्याने हा विषाणू पसरत नाही. सरकारी एआरटी केंद्रांत २००४ पासून औषधं मोफत मिळतात. नियमित गोळ्यांनी व्हायरल लोड तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातूनही संसर्ग होत नाही. २०१७ च्या कायद्याने भेदभावाला बंदी आहे. सगळा डेटा होता, तरी प्रश्न आलाच. कारण तो आजाराबद्दल नव्हता. मला दादांना एका फोल्डरमध्ये टाकायचं होतं. दूषित रक्तातून झाला असेल तर बिचारे, नाहीतर...

त्या 'नाहीतर'नंतर आपण हळूच 'कर्म' हा शब्द आणतो. पण गीतेत कृष्ण अर्जुनाला त्याच्या स्वतःच्या कर्माबद्दल सांगतोय, शेजाऱ्याच्या रिपोर्टवर निकाल द्यायला नाही. मग चुकीला चूक म्हणायचंच नाही का? स्वतःच्या चुकीला म्हणा की, रोज म्हणा. या श्लोकातल्या यादीत मात्र कुणालाच 'तू असा कसा झालास' असं विचारलेलं नाही. नजर सम ठेवायची जबाबदारी सगळी पाहणाऱ्यावर आहे.

दादांनी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. परवा एकादशीला भजन संपल्यावर त्यांनी माझ्याच पेल्यातलं अर्धं पाणी प्यायलं आणि पेला परत दिला. उरलेलं मी प्यायलो. पण त्याआधी हात क्षणभर थांबला होता, आणि ते त्यांनी पाहिलं.

राम कृष्ण हरी.