गिऱ्हाईक, कांट आणि म्हैस

माझ्या एका समीक्षक-मित्रांनी (मित्र हा शब्द सभ्यतेपोटी) मध्यंतरी एका नियतकालिकात लेख लिहिला. सूर विजयाचा होता. समीक्षकांचा जमाना संपला, यापुढे गिऱ्हाईक बोलेल आणि तेच खरं बोलेल, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून त्यांनी सांगलीचं एक गिऱ्हाईक उभं केलं होतं. खरं की कल्पित, ते त्यांनाच ठाऊक. या गिऱ्हाइकानं घरबसल्या तीन वस्तू मागवल्या: महाबळेश्वरची एक मार्गदर्शिका, एका विनोदवीराच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण आणि एक थरारकथा. मार्गदर्शिकेला त्यानं एक तारा दिला, कारण घाट बंद होता आणि पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं. विनोदवीराला दोन, कारण हसू आलं नाही. थरारकथेला तीन, कारण खुनी निम्म्यातच कळला, पण गाडीत वेळ बरा गेला. या तीन ओळींतला रोकडेपणा मराठी समीक्षेला शंभर वर्षांत साधला नाही, असा निकाल देऊन मित्रांनी लेख संपवला होता.

लेख वाचून मी चिडलो. लोकांनी मतं द्यावीत की नाही, हा माझा वाद नाहीच. आमच्याकडे पारावर बसून मंत्रिमंडळ बदलणारे लोक आहेत, त्यांना पुस्तकावर बोलायला परवानगी कुणाची हवी? माझा राग आहे तो या तीन ताऱ्यांना एका जातीचे मानण्यावर.

मार्गदर्शिकेपासून सुरुवात करतो, कारण तिथं मित्रांचं म्हणणं मला बहुतेक मान्य आहे. आंबेनळी घाटात दरड आली असेल तर पुस्तकाची शैली कितीही प्रसन्न असली तरी पोलादपूरला उतरता येत नाही. वासोट्याला जायचं तर बामणोलीहून होडी आणि वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात वाट बंद असते. हे न सांगणारं पुस्तक गिऱ्हाइकानं फेकून द्यावं. रस्ता हाच इथला परीक्षक.

पण शिफारस आणि रस्ता यांचं नातं मित्रांना वाटतं तितकं भाबडं नाही. १८२४ मध्ये साताऱ्याच्या पलटणीतला लॉडविक हा अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढला आणि इथली हवा गोऱ्या लोकांना कशी मानवेल, हे त्यानं मुंबईच्या वर्तमानपत्रातून कळवलं. महाबळेश्वरबद्दलचं पहिलं गिऱ्हाइकी मत म्हणतात ते हेच. परिणाम काय झाला? चार वर्षांनी गव्हर्नर माल्कमनं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा घेतली आणि बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव दिलं. वसाहतीला माल्कमपेठ नाव पडलं. शिफारस करणारे लॉडविकसाहेब पुढे साताऱ्यालाच रेसिडेंट म्हणून आले, आणि १८३९ मध्ये, त्यांच्यानंतरच्या रेसिडेंटच्या अमदानीत, महाराजांचं राज्यच गेलं. एका पॉइंटला आजही लॉडविकचं नाव आहे. हवा छान आहे, हे मत शंभर टक्के खरं होतं. कुणासाठी छान, एवढंच त्यात लिहिलेलं नव्हतं.

दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी साताऱ्यावर १९०९ मध्ये, महाबळेश्वरावर १९१६ मध्ये आणि सांगली संस्थानावर १९१७ मध्ये पुस्तकं लिहिली. तिन्ही इंग्रजीत. ती ज्यांच्या हाती पडावीत अशी अपेक्षा होती ते साहेब आणि संस्थानिक आता नाहीत. त्यातलं एखादं घेऊन आज कुणी मुक्कामाची सोय शोधू लागला तर त्याला एक ताराही जास्त वाटेल. तरी जुन्या साताऱ्याबद्दल लिहायला बसलेला माणूस ती शोधतो. मार्गदर्शिका कालबाह्य झाली की मरत नाही, तिचं गिऱ्हाईक बदलतं. ही गोष्ट माझ्या मित्रांच्या हिशेबात नाही, आणि तिच्याकडे मला परत यायचं आहे.

आता कांट. मित्रांनी आपल्या लेखात कांटला साक्षीला बोलावलं आहे, म्हणून हा भाग जरा लांबेल. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथामुळे इमान्युएल कांट मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. १७९० च्या आपल्या ग्रंथात त्यानं सुखद आणि सुंदर यांत फरक केला. सुखदाच्या बाबतीत ज्याची त्याची आवड; मला एखादं मद्य आवडलं तर ते 'मला' आवडलं, तुमच्याशी भांडायचं कारण नाही. सुंदर म्हणताना मात्र मी सगळ्यांच्या वतीनं बोलत असतो, तुम्हीही मान्य करावं असा हट्ट धरतो. मित्रांनी यातला पहिला अर्धा भाग उचलला: पाहा, आवड ज्याची त्याची! दुसरा अर्धा त्यांना सोयीचा नव्हता. पण त्यांचं गिऱ्हाईकच त्यांना फसवतं. आवड निव्वळ खासगी असती तर सगळ्या जगाला दिसतील असे तारे त्यानं दिलेच नसते. तारा देणारा प्रत्येक जण तुम्हाला सांगत असतो की तुम्हीही असंच म्हणा.

या कांटबद्दल आणखी एक गंमत. हा मनुष्य जन्मभर कनिग्सबर्गच्या आसपासच राहिला आणि सुमारे चाळीस वर्षं भूगोलावर व्याख्यानं देत राहिला. सगळा मालमसाला प्रवासवर्णनांचा. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचं वर्णन त्यानं इतकं बारकाईनं केलं की ऐकणाऱ्या एका इंग्रजानं विचारलं, आपण लंडनला किती वर्षं होता? प्रवासाच्या पुस्तकांचं असं गिऱ्हाईक जगात दुसरं झालं नसेल, आणि पुस्तक खरं की खोटं हे रस्त्यावर जाऊन पडताळायची त्याला कधी गरज वाटली नाही.

हाच कांट हसण्याबद्दलही बोलला आहे. ताणून धरलेली अपेक्षा एकाएकी फुसकी निघते आणि त्या धक्क्यानं आपण हसतो, असं त्याचं म्हणणं. त्यानं दिलेला किस्सा सुरतेचा आहे. एका इंग्रजाच्या जेवणाच्या टेबलाशी बिअरची बाटली उघडतात, फेस भसाभस बाहेर येतो, तिथला हिंदी माणूस तोंडात बोट घालतो. नवल कसलं वाटतं, असं विचारल्यावर तो म्हणतो, बाहेर आलं याचं नाही, तुम्ही हे आत कसं भरलंत? त्या माणसापेक्षा आपण शहाणे ठरतो म्हणून हसत नाही, असं कांट बजावून सांगतो. सांगावं लागतं, यातच सगळं आलं. मला तो प्रश्न शास्त्रज्ञाचा वाटतो. पण तो वेगळा लेख होईल.

प्रश्न असा की कांट बरोबर असेल तर विनोदाचं मुद्रण विकलंच कसं जातं? पहिल्यांदा ऐकताना अपेक्षा फुटली, झालं. दुसऱ्यांदा काय फुटणार? आणि इथं पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' कोकणातल्या त्या एस.टी.च्या आडवी येते. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ती कॅसेट, मग सीडी, मग फोन अशी वर्षानुवर्षं वाजते आहे. पुढलं वाक्य ऐकणाऱ्याला पाठ असतं. तो वाक्याच्या आधी हसतो. अपेक्षा फुटत नाही, तंतोतंत पुरी होते, आणि त्यासाठीच पुन्हा लावलेली असते. शिवाय मुद्रणात त्या दिवशीच्या सभागृहाचा हशा असतो. त्यातले कितीतरी श्रोते आज हयात नसतील. आपण आपलं हसणं त्यांच्यात मिसळतो. एकट्यानं, कानात बोंडं घालून, एकदाच ऐकून 'हसू आलं नाही' म्हणणारं गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, पण वस्तू अजून त्याच्या हातात आलेलीच नाही.

हे मुद्रणापुरतंच आहे असंही नाही. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंच्या तमाशाला लोक 'जहरी प्याला' हाच वग पुन्हा पाहायला जात. त्या जुळ्या भावांनी रंगवलेले हवालदार काय बोलणार हे ठाऊक असूनच जात. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत हिंडले तेव्हाही ऐकलेल्याच कथेची फर्माईश होई. मात्र प्रत्यक्ष बतावणीत एक सोय असते. सोंगाड्या समोरचा गाव बघून शब्द फिरवतो. या गावच्या पाटलावरचा टोमणा त्या गावात दुसऱ्यावर जातो. मुद्रणात ती सोय गेली. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या कार्यक्रमाचं मुद्रण बाहेर आलं आणि मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची मोडतोड झाली. रोख होता उपमुख्यमंत्री एकनाथ शिंद्यांवर. ते मूळचे सातारा जिल्ह्यातल्या दरे गावचे. तिकीट काढून आत बसलेले लोक हसून घरी गेले होते. खुर्च्या मोडणाऱ्यांनी मत दिलं ते पडद्यावर पाहून. मित्रांच्या लोकशाहीत या मताला किती तारे आहेत?

थरारकथेचं काय? इथं मला माझी मांडणी सैल करावी लागते. मनात असं होतं की थरारकथा ही एकदाच वापरायची चीज. खुनी कळला की पुस्तक संपलं, म्हणून इथं तरी पहिल्या वाचनाचं मत अखेरचं मानावं. मग बाबुराव अर्नाळकर आठवले. हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिलेला माणूस. त्यांचा नायक झुंजार संकटात सापडणार, झुंजार सुटणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि तरी सातारा-सांगलीकडच्या भाडोत्री वाचनालयांत नवा झुंजार आला की रांग लागे. काळापहाडाचंही तेच. शेवटाचा धक्का हवा म्हणून कुणी हजारदा एकाच दुकानात जात नाही. लोक विकत घेत होते ती खात्री. तत्त्वज्ञ विटगेनस्टाइन अमेरिकेतून रहस्यकथांची मासिकं मागवून वाचायचा आणि आवडलेलं पुन्हा वाचायला शोधायचा, हे कळल्यावर मला अर्नाळकरांच्या वाचकांबद्दल आदर वाटू लागला. त्यांना मात्र विटगेनस्टाइनच्या दाखल्याची गरज नव्हती.

म्हणजे 'खुनी निम्म्यातच कळला' ही तक्रारही थरारकथेची नीट पारख नव्हे. आणि त्याच वेळी मित्रांच्या बाजूनं एक गोष्ट कबूल करायला हवी. या तिन्ही प्रकारांकडे मराठी समीक्षेनं ढुंकून पाहिलं नाही. अर्नाळकरांची, गुरुनाथ नाईकांची, सुहास शिरवळकरांची पुस्तकं चिकटपट्ट्या लावून लावून वाचली गेली, तेव्हा आमचे विद्यापीठीय लोक दुसरीकडे बघत होते. त्या काळात पारख केली ती गिऱ्हाइकानंच. फक्त ती ताऱ्यांत नव्हती. पानाच्या कडेला पेन्सिलीनं 'वकिलावर संशय घ्या' असं लिहिणाऱ्यात होती, शेवटचं पान फाडून नेणाऱ्या दुष्टात होती, आणि सगळ्यात जास्त त्या माणसात होती जो परत केलेलं पुस्तक चार महिन्यांनी पुन्हा आपल्या नावावर लिहून घ्यायचा. त्याला कुणी मत विचारलं नाही. वाचनालयाच्या वहीत ते आपोआप नोंदलं गेलं.

तेव्हा माझं भांडण गिऱ्हाइकाशी उरत नाही. ते आहे वस्तू हाती पडताच मत मागणाऱ्या दुकानाशी, आणि त्या घाईलाच नवी समीक्षा म्हणणाऱ्या मित्रांशी.

शेवटी, गिऱ्हाईक विरुद्ध समीक्षक या त्यांच्या जोडीबद्दल. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे पोरवयात चालत मुंबईला गेले. त्यांनी लोकनाट्यं लिहून कामगारवस्तीला हसवलं. 'वारणेचा वाघ' लिहिली, 'फकिरा' (१९५९) लिहिली. दोन्हींत पाठलाग, लूट, दगाफटका, पकड, एखाद्या थरारकथाकारानं हेवा करावा इतकं सगळं आहे. 'फकिरा'ला प्रस्तावना सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची. म्हणजे गिऱ्हाइकाचा लेखक आणि प्रतिष्ठितांचा लेखक एकाच पुठ्ठ्यात बांधले गेले, मित्रांच्या सिद्धांताची परवानगी न घेता. स्टालिनग्राडवरचा पवाडा अण्णाभाऊंनी १९४३ मध्ये लिहिला, रशिया डोळ्यांनी पाहिला नव्हता तेव्हा. कांटनं पूल वर्णावा तसाच. रशियाला ते १९६१ मध्ये गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. त्या पुस्तकात वर्णिलेला देश १९९१ मध्ये नकाशावरून गेला. तिथला कुठलाही पत्ता आज उपयोगाचा नाही, तिथली व्यवस्था उरली नाही, आणि अण्णाभाऊंना ती जितकी आवडली तितकी ती चांगली होती का, यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे. तरी पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं जातं, आणि ते घेणाऱ्यांत मॉस्कोची वाट विचारणारा कुणी नसतो. मित्रांनी या पुस्तकाला एक ते पाचांतला आकडा द्यावा आणि तो कशाचा, हेही लिहावं. पुढल्या अंकात मी उत्तर देईन.