हेर्मोनवरची काटेरी उशी



काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही नातवंडांसह हेर्मोन पर्वतावर गेलो होतो. खाली हुला खोऱ्यात उन्हाचा ताप आणि वर खळग्यांत अजून बर्फाचे पट्टे! अलिबागकडे वाढलेल्या आमच्यासारख्यांना त्याचे अप्रूप वाटणारच. दगडांमधून गोलसर काटेरी झुडपे उशांसारखी बसली होती. "वाट सोडू नका, त्यांवर पाय पडेल," असे आम्ही बजावले. तेव्हा थोरला नातू म्हणाला, "आजोबा, हवा तापते आहे, बर्फ जाणार, ही झुडपेही जाणार, असे तुम्हीच सांगता. मग त्यांना जपायचे कशाला?"

जन्मभर आम्ही वर्गात प्रश्न विचारले, पण त्या दिवशी उत्तर चटकन सुचले नाही.

हेर्मोनचे शिखर २,८१४ मीटर उंच आहे. सुमारे १,९०० मीटरच्या वर मोठी झाडे टिकत नाहीत. तेथे या उशांचेच राज्य. त्या माती धरून ठेवतात, कोवळ्या रोपांना आडोसा देतात. वाढ मात्र फार सावकाश. बुटाखाली मोडलेली उशी भरून यायला वर्षे लागतात. शंभर मीटर वर चढले की हवा साधारण ०.६ अंशाने थंड होते. म्हणजे हवा एका अंशाने तापली, तर पूर्वीचीच थंडी मिळवण्यासाठी वनस्पतीला दीडशे मीटरच्या आसपास वर सरकावे लागते. डोंगर वर निमुळता होत जातो, आणि शिखरापुढे फक्त आकाश! आल्प्समधील वनस्पती वर सरकत असल्याचे शास्त्रज्ञांनी १९९४ साली दाखवून दिले. २०१८ साली युरोपातील ३०२ शिखरांच्या पाहणीत हा वेग वाढल्याचे दिसले. शिखरांवर वनस्पतींच्या जाती वाढतात हे ऐकायला बरे वाटते. पण खालून आलेले पाहुणे जुन्या घरमालकांनाच एक दिवस बाहेर काढतील, ही भीती आहे.

बर्फाचे तरी तेच. कोकणात पाऊस धो धो पडतो, समुद्राला मिळतो आणि मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. म्हणून तर महाराष्ट्रात 'पाणी अडवा, पाणी जिरवा' असे सांगावे लागले. हेर्मोनवर हे काम बर्फ करतो. तो हळूहळू वितळून चुनखडीच्या भेगांत मुरतो, पायथ्याशी दान आणि बनियासचे झरे होऊन निघतो आणि यार्देन नदीतून किन्नेरेतला जातो. तेव्हा वरचे नुकसान वरच राहत नाही.

पण समजा, झुडपाचा आपल्याला काहीच उपयोग नसता तर? तोरामध्ये वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू नका, अशी आज्ञा आहे. काटेरी उशीला फळ कुठले? तरीही आपल्या विद्वानांनी त्या आज्ञेचा अर्थ वाढवला आणि कोणतीही वस्तू विनाकारण नासू नये, असे शिकवले. आम्हाला त्यातच नातवाचे उत्तर सापडले. घरातील वृद्ध माणूस आज ना उद्या जाणार, म्हणून त्याचे औषधपाणी कोणी बंद करते काय? हवेची उष्णता साऱ्या जगाने वाढवली आहे. पण बुटाखालची उशी आम्हीच मोडणार, दुसरे कोणी नाही. मोठ्या पापाकडे बोट दाखवून आपले लहान पाप धुतले जात नाही. शिवाय उन्हाने गांजलेल्या झाडाला पायांचा मार चुकला, तर ते अधिक काळ तग धरते, आणि सावलीच्या एखाद्या थंड खळग्यात त्याचे बी कदाचित उरतेही.

उपदेश सोपा असतो. पायथ्याच्या गावांतील लोकांची चूल पर्यटकांवरही चालते. त्यांना 'डोंगर बंद करा' म्हणण्याचा आम्हाला काय अधिकार? आणि आम्ही स्वतः? प्रत्येक लग्नकार्याला विमानाने मुंबई गाठायची आणि येथे बर्फासाठी हळहळायचे! हे ध्यानात आल्यापासून आम्ही दोन फेऱ्यांची कामे एका फेरीत उरकू लागलो आहोत. एवढ्याने हेर्मोन वाचणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण नातवापुढे बोलताना मान खाली घालावी लागत नाही.

परतीच्या वाटेवर तो पुढे चालत होता. धाकटीचा पाय वाटेबाहेर पडताच त्याने तिचा हात धरून तिला आत ओढले. आम्ही काही बोललो नाही.