तुलाधाराचे दुकान आणि दिल्लीची शाळा

दुकान कसे मांडायचे, कसे चालवायचे हे मुलांना शिकवले तर त्यांना नीती शिकवली जाते, की नफ्याची चटक लावली जाते? दिल्लीच्या सरकारी शाळांमुळे हा प्रश्न पोथीतून वर्गात आला. 2018 मध्ये तिथे आठवीपर्यंतच्या मुलांसाठी ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम सुरू झाला. उद्घाटनाला दलाई लामा होते. पुढच्याच वर्षी नववी ते बारावीसाठी उद्योजकतेचा अभ्यासक्रम आला. 2021 मध्ये ‘बिझनेस ब्लास्टर्स’ उपक्रमात अकरावी-बारावीच्या मुलांना धंद्यासाठी माणशी 2,000 रुपयांपर्यंत भांडवल देण्याची योजना झाली. आठवीपर्यंत मन शांत करायचे आणि नववीपासून गल्ला मोजायचा, हा क्रम पाहून कोणालाही हसू येईल.

पण महाभारताला त्यात विसंगती वाटली नसती. शांतिपर्वातला तपस्वी जाजली इतका निश्चल उभा राहतो की त्याच्या जटांत पाखरे घरटे बांधतात. त्याला तपाचा गर्व होतो, तेव्हा आकाशवाणी त्याला काशीच्या तुलाधार वाण्याकडे धाडते. हा वाणी रस, सुगंधी द्रव्ये आणि इतर माल दुसऱ्यांकडून घेऊन कपट न करता विकतो. मद्य मात्र ठेवत नाही. आपला तराजू सर्व भूतांसाठी सारखा आहे, हेच त्याचे सारे तत्त्वज्ञान. धर्म कळावा म्हणून तपस्व्याला दुकानाची पायरी चढावी लागते. नफा त्या कथेत त्याज्य नाही. कौटिल्यानेही तो नाकारला नाही, मर्यादा घातली: देशी मालावर शेकडा पाच, परदेशी मालावर दहा.

मग खोट कुठे येते? बरेचदा मांडणीत. दिल्लीत लक्ष्मीनगर किंवा मुनिरकाच्या गल्लीतले किराणा दुकान पाहावे. डाळ-तांदूळ मागे किंवा खाली असतात, कारण ते लोक मागूनच घेतात. चॉकलेट आणि चिप्सच्या माळा पुढे, मुलाच्या हाताला लागतील अशा. इलेक्ट्रॉनिक काट्याचे आकडे गिऱ्हाइकाला दिसतात की फक्त मालकाला, यातही त्या दुकानाची नीती वाचता येते. मापात पाप करायला दांडीच मारावी लागते असे नाही. काटा नुसता वळवला तरी भागते. ही मांडणी मुलाला समजावून दिली की ते एकाच वेळी सावध गिऱ्हाईक आणि हुशार विक्रेता होते. ही विद्या दुधारी आहे. तुलाधाराने मद्य वगळले, तसे आपण काय विकणार नाही, हा प्रश्न ‘किती सुटेल’ या हिशेबाच्या आधी विचारला गेला तरच शिक्षक व्यापाराबरोबर धर्मही शिकवतो.

एक गोष्ट मात्र शाळेने परंपरेपेक्षा चांगली केली आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात वाणिज्य हे वैश्याचे स्वभावज कर्म म्हटले आहे, आणि प्रत्यक्षात ती विद्या गादीवर बापाकडून मुलाकडे जात राहिली. चांदणी चौकातल्या पेढ्यांवर अनेक पिढ्या हेच चालले. सरकारी वर्गात रिक्षावाल्याची मुलगीही खरेदी, भाडे, नासाडी धरून भाव काढते. जे ज्ञान घराण्याची मालमत्ता होते ते फळ्यावर आले, हा न्यायाचाच भाग आहे.

उधारीचा प्रश्न मात्र मापाच्या प्रश्नाहून अवघड. वजन सर्वांना सारखे देता येते, विश्वास देता येत नाही. वीस वर्षांच्या ओळखीच्या घराला दुकानदार वहीवर माल देतो. बिहारहून परवाच आलेल्या भाडेकरूला रोख मागतो. ज्याला उधारीची गरज जास्त त्यालाच ती मिळत नाही. याला अन्याय म्हणावे, तर सर्वांना उधार देणारे दुकान सहा महिन्यांत बसते, आणि मग गल्लीत कोणालाच काही मिळत नाही. जाजलीच्या कथेत उधारी येत नाही, त्यामुळे तुलाधार इथे मदतीला येत नाही. वर्गात हा पेच मुलांसमोर वहीसकट ठेवता येतो: कोणाचे नाव लिहायचे, कितीपर्यंत, आणि थकबाकीदाराशी चारचौघांत कसे बोलायचे.