‘तुमचं तुम्ही ठरवा’ एवढे म्हणणे पुरेसे आहे का?



गरोदरपणी लस घ्यावी की नाही, हा प्रश्न आपल्या घराघरांत निघतो. सासूबाई एक सांगतात, शेजारीण दुसरे सांगते, मोबाईलवर तिसरेच येते. शेवटी ती माउली उपकेंद्रातल्या सिस्टरला किंवा डॉक्टरांना विचारते, “घेऊ का?” उत्तर देणाऱ्याचे अशा वेळी कर्तव्य काय, याचा आज आपण विचार करू या.

काही जण दटावतात, “घ्यायची म्हणजे घ्यायची!” त्यात त्या बाईच्या मनाचा मान राहत नाही, हे कोणालाही पटेल. काही जण म्हणतात, “तुमचं तुम्ही ठरवा.” हे उत्तर ऐकायला बरे वाटते. पण ज्याला माहिती आहे त्यानेच अंग काढून घेतले, तर तिने कशाच्या आधारावर ठरवावे?

असे उत्तर देणाऱ्याच्या मनात बहुधा भीती असते. सुई दिल्यावर काही बरेवाईट झाले, तर लोक बोट दाखवतात. सुई न दिल्यामुळे काही झाले, तर कोणी विचारायला येत नाही. म्हणून गप्प राहणे सुरक्षित वाटते. पण मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो, हे आपण विसरू नये.

धनुर्वाताचेच पाहा. पूर्वी अस्वच्छ पात्याने किंवा विळ्याने नाळ कापत, तिला शेण-राख लावत. त्यातून जंतू शिरत. काही दिवसांत बाळ दूध ओढेनासे होई, त्याचे अंग ताठ होई आणि पुष्कळदा ते दगावे. गरोदर आईला सुई दिली की तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिकारशक्ती वारेतून बाळाला मिळते. लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे माता व नवजात बालकांचा धनुर्वात भारतात आटोक्यात आला. देशाच्या प्रत्येक जिल्ह्यात त्याचे प्रमाण हजार जन्मांमागे एकाहून कमी झाल्याचे २०१५ साली मान्य करण्यात आले.

हे काम नुसत्या सुईने झालेले नाही. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावांनी निवडलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते, कित्येक जणी दलित वस्तीतल्या होत्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातलीच बाई सांगते तेव्हा तिच्या शब्दाला वजन येते, कारण सुईनंतर ताप आला तर ती कुठे सापडेल हे सर्वांना ठाऊक असते. ती सल्ला देते आणि सोबतही राहते.

प्रामाणिक उत्तर नेहमी “घ्या” असेच असते, असे नाही. रुबेलाची लस गरोदरपणी देत नाहीत. तिथे “आता नको, बाळंतपणानंतर घ्या” हेच खरे उत्तर. जानेवारी २०२१ मध्ये कोविडची लस आली, तेव्हा गरोदर स्त्रियांवर तिची पुरेशी चाचणी झालेली नव्हती, म्हणून त्यांना ती दिली जात नव्हती. पुढे माहिती जमली आणि २ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने त्यांनाही परवानगी दिली. “अजून पुरते कळलेले नाही” असे सांगणारा डॉक्टर खरे बोलत असतो. कळल्यावरही न सांगणारा मात्र कर्तव्य चुकवतो.

ख्रिस्तसभेची शिकवणही या दोन्ही बाजू सांभाळते. २१ डिसेंबर २०२० रोजी रोमच्या धर्मसिद्धांत मंडळाने कोविड लशीविषयी टिपण काढले. लस घेणे ऐच्छिक असावे, कोणाच्या सद्‌सद्विवेकबुद्धीवर जबरदस्ती नको, असे त्यात म्हटले आहे. त्याचबरोबर दुर्बलांचे रक्षण आणि सर्वांचे हित यांचीही आठवण करून दिली आहे. पण सद्‌सद्विवेकबुद्धीला निर्णय घेण्यासाठी सत्य कळावे लागते. ते सांगितल्याशिवाय दिलेले स्वातंत्र्य अपुरेच राहते.

आपल्यामध्ये कोणी परिचारिका आहेत, कोणी आशाताई, कोणी डॉक्टर. त्यांना आमची विनंती आहे: गर्दी असली तरी दोन मिनिटे थांबा. लस कशासाठी आहे, त्रास काय होऊ शकतो आणि तुमचे स्वतःचे मत काय, हे त्या बाईला स्पष्ट सांगा. मग तिला ठरवू द्या. आणि आपण घरच्यांनी, काही बिनसले तर लगेच सिस्टरला दोषी धरू नये. आपल्या रागाच्या भीतीनेच पुष्कळ जण गप्प बसतात.

पवित्र मरिया गरोदर अलिशिबेकडे डोंगराळ प्रदेशातून गेली आणि तीन महिने तिच्याजवळ राहिली. आपल्या गावातल्या प्रत्येक गरोदर मातेला अशी सोबत मिळो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.