आजारी पडण्याची ऐपत

ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत कुठल्याही नाक्यावर उभं राहा, 'फुल बॉडी चेकअप'ची जाहिरात दिसतेच. माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाइलवर. सगळे आकडे मर्यादेत बसले की जीव भांड्यात पडतो. आणि असा ठणठणीत असल्याची खात्री झालेला माणूस दुसऱ्या दिवशी कणकण असताना क्रोसिन गिळून नेहमीची गाडी पकडतो. रिपोर्टात या गोष्टीसाठी रकाना नसतो.

निरोगी माणूस म्हणजे कोण, याचं उत्तर मोठमोठ्यांनी दिलेलं आहे. सुश्रुतसंहितेनं दोष, अग्नी, धातू यांच्या समतोलाबरोबर आत्मा, इंद्रियं आणि मन यांची प्रसन्नताही मागितली. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली लागू झाली. नुसता रोग नसणं पुरेसं नाही, शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्हींची संपूर्ण सुस्थिती हवी, असं ती म्हणते. ही व्याख्या सकाळच्या फास्ट लोकलच्या दारात लटकलेल्या कुणालाही लावून बघावी. तो नापास, त्याला आत ढकलणाराही नापास. नेमका हाच आक्षेप मॅख्टेल्ड ह्युबर या डच डॉक्टरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये घेतला. 'संपूर्ण'चा आग्रह धरला तर बहुतेक सगळी माणसं बहुतेक वेळ आजारीच ठरतील. त्यापेक्षा परिस्थितीशी जुळवून घेत स्वतःला सांभाळण्याची क्षमता म्हणजे आरोग्य, असं त्यांनी सुचवलं.

ऐकायला हे पटतं. पण जुळवून घेण्यात आमच्या भागातल्या माणसाचा हात कोण धरणार? डोंबिवलीत २०१४ साली हिरवा पाऊस पडला, २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत तिथल्या कारखान्यांत स्फोट होऊन माणसं मेली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. आम्ही नव्या काचा बसवल्या आणि रात्री वास आला की खिडक्या लावून घ्यायला शिकलो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी धावत्या लोकलमधून खाली पडले, त्यातले किमान चार दगावले. दुसऱ्या दिवशी गाड्या तशाच भरून निघाल्या. जुळवून घेणं हेच आरोग्य असेल, तर आमच्याइतकं निरोगी जगात कुणी नाही. म्हणजे ही व्याख्याही पुरत नाही. सहन करत राहण्यालाच तब्येत समजण्याचा धोका तिच्यात आहे.

डोंबिवलीहून उलटं कल्याणला जाऊन, तिथून बसून येणाऱ्या बायका लेडीज डब्यात रोज भेटतात. त्यातल्या एकीचे डोळे एकदा तापानं लाल झाले होते. मांडीवर मटारची पिशवी, सोलणं चालू. शेजारणीनं दटावलं, घरी नाही का राहायचं गं? ती म्हणाली, "घरी राहिले तर डबे, सासूबाईंचं पथ्य, मुलाचा अभ्यास. ऑफिसात निदान एसी आहे." चार-पाच जणी हसल्या. त्यातल्या प्रत्येकीला ते कळलं होतं.

या बाईचे रिपोर्ट कदाचित उत्तम असतील. तरीही मी तिला निरोगी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण तिचा ताप नव्हे. तापाला द्यायला तिच्याकडे दोन दिवस नाहीत, हे त्याचं कारण. जॉर्ज कांगिलेम या फ्रेंच डॉक्टर-तत्त्वज्ञानं १९४३ साली आपल्या प्रबंधात हे मांडलं होतं: आजारी पडता येणं आणि त्यातून उठता येणं, ही निरोगीपणाचीच खूण. निरोगी माणसाच्या गाठीशी थोडी शिल्लक असते, आजारपणात ती खर्ची पडते. ज्याची शिल्लकच संपली आहे तो आजारी पडत नाही, एकदम कोसळतो.

कल्याणकरांना यासाठी फ्रान्सपर्यंत जायची गरज नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणातला. चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांचं मूल गेलं, योग्य उपचार मिळाले नाहीत हे मनाला लागलं आणि डॉक्टर व्हायचं ठरलं. १८८३ साली त्या अमेरिकेला निघाल्या तेव्हाही प्रकृती धड नव्हती. तिथली थंडी, परका आहार, अभ्यासाचा ताण, सगळं त्या दुखऱ्या शरीरावर. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली, कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक झाली आणि रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय अवघं एकवीस. दीडशे वर्षं होत आली, आपण त्यांच्या जिद्दीची गोष्ट मुलांना सांगतो आणि ती सांगायलाच हवी. पण त्या गोष्टीतून आपण चुकीचा धडा घेतला. दुखणं अंगावर काढणं हा आपल्याकडे गुण झाला, विशेषतः बाईचा. इतरांच्या आजारपणासाठी डॉक्टर झालेल्या मुलीला स्वतःच्या आजारपणासाठी सवड मिळाली नाही, हा त्यातला खरा धडा.

आजारी पडण्याची ही ऐपत नुसत्या इच्छाशक्तीतून येत नाही. ती रजेतून, पैशातून, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातातून आणि जवळच्या सरकारी दवाखान्यातून येते. आपल्या कायद्याला हे फार पूर्वी कळलं होतं. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यानं सुरू झालेल्या योजनेत विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकतं. पण रिक्षावाला, भाजीवाली आणि आपल्या घरी धुणं-भांडी करणारी बाई या छत्राबाहेर आहेत. खाडा झाला की पैसे कापले. मग दुखणं अंगावर निघतं आणि अगदी गळ्याशी आलं की कळव्याचं रुग्णालय गाठलं जातं.

मनाच्या बाबतीत ही ऐपत आणखी तोकडी. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद अख्ख्या महाराष्ट्रानं केला. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी 'आयपीएच' ही मानसिक आरोग्य संस्था सुरू केली, समुपदेशनाला जाणं ही चारचौघांत सांगता येण्यासारखी गोष्ट व्हावी म्हणून खपले. २०१७ च्या कायद्यानं विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीनं धरायला सांगितलं. तरी 'आज मन ठीक नाही, येत नाही' असा मेसेज साहेबांना पाठवायची हिंमत किती जणांत आहे? तिथं अजूनही पोटच बिघडवावं लागतं.

तेव्हा चेकअप जरूर करून घ्या, साखर आणि कोलेस्टेरॉल कळलेलं बरंच. पण सोबत आणखी दोन प्रश्नांची उत्तरं घरात शोधा. घरातली बाई आठवडाभर अंथरुणाला खिळली तर स्वयंपाक कोण करणार, हे ठरलेलं आहे का? आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची आजारपणाची रजा आपण भरपगारी धरतो का? धरत नसाल, तर या महिन्यापासून धरा.